शनिवारी लिहिलेला सोमवारचा फळा

शाळेतल्या ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग यायचा ती म्हणजे टाचणवही. पुढच्या आठवड्यात कुठल्या तासाला काय शिकवणार, उद्देश काय, साहित्य कोणतं, मुलांना कोणते प्रश्न विचारणार, हे सगळं एका मोठ्या वहीत रकाने आखून लिहायचं आणि सोमवारी ती वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायची. ते लाल शाईनं सही करायचे. वाचायचे नाहीत. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण एकदा गणिताच्या रकान्यात मी सरळ लिहिलं होतं, 'उद्देश : ही वही कोणी वाचतं का ते पाहणे.' सही आली. शेजारी 'उत्तम' असा शेराही आला.

शिक्षणसेवक म्हणून लागून मला दुसरं वर्ष होतं. शाळा विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यापासून जराशी आत. मराठी माध्यम. माझ्याकडे पाचवी ब, मुलं बासष्ट. शहराच्या कडेकडेनं तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्या बांधणाऱ्यांची, रंगवणाऱ्यांची आणि बांधून झाल्यावर त्यांच्या फाटकावर उभं राहणाऱ्यांची मुलं आमच्याकडे यायची. वर्षाच्या मध्येच यायची, वर्षाच्या मध्येच जायची. कॉम्प्युटर नावाच्या वस्तूनं पुणं बदललं असं पेपरात छापून येत होतं. आमच्या शाळेत एक कॉम्प्युटर होता. त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर होतं आणि कव्हरवर मुख्याध्यापकांचा डबा.

टाचण मी रविवारी संध्याकाळी, टीव्ही बघत काढायचे. काढायचे म्हणजे उतरवायचे. आधीच्या बाईंची वही मला मिळाली होती आणि त्यांनी ती त्यांच्या आधीच्या बाईंच्या वहीवरून उतरवलेली होती. विज्ञानाच्या एका पाठाला साहित्य म्हणून 'रॉकेलचा स्टोव्ह' लिहिला होता. शाळेत स्टोव्ह नव्हता. मीही लिहिला.

शाळा सुटल्यावर माझं दुसरं आयुष्य सुरू व्हायचं. आम्ही दहाबारा तरुण शिक्षक शनिवार पेठेतल्या एका छापखान्याच्या माळ्यावर जमायचो आणि पत्रकं काढायचो. लिहायचे मी. कॉलेजात असल्यापासून मला तेवढंच लिहिता येत होतं. पहिल्या ओळीत दोषी कोण ते सांगायचं, शेवटच्या ओळीत मागणी, मध्ये संताप. आदल्या वर्षी मी 'छडी टाका' नावाचं पत्रक लिहिलं होतं. मुलांवर हात उचलणारा शिक्षक हा शिक्षकच नव्हे, असं त्यात ठणकावलं होतं आणि शाळाशाळांच्या शिक्षकखोल्यांत स्वतः जाऊन वाटलं होतं. या वर्षीचं पत्रक होतं 'रविवार आमचा'. मतदारयाद्या रविवारी, पोलिओचे डोस रविवारी, घरोघरचे सर्व्हे रविवारी, वह्या तपासणं रविवारी, टाचण रविवारी. पत्रकासोबत एक कागद होता, सह्यांसाठी. 'शनिवारी शाळा सुटल्यापासून सोमवारी शाळा भरेपर्यंत मी शाळेचे कोणतेही काम करणार नाही.'

छापखान्याचे मालक मजकूर स्वतः वाचल्याशिवाय मशीनवर चढवत नसत. चष्मा कपाळावर सारून ते म्हणाले, "ताई, अठरा उद्गारचिन्हं आहेत. वाचणाऱ्याला धाप लागेल. अधूनमधून एखादा स्वल्पविराम टाका, बसायला."

घरी धाकटा भाऊ नुकताच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. 'वीकेंड' हा शब्द आमच्या घरात त्यानं आणला. शनिवार-रविवार दोन्ही दिवस तो अकरापर्यंत लोळायचा. मी शनिवारी पहाटे सकाळच्या शाळेसाठी आवरत असले की पांघरुणातून आवाज यायचा, "ताई, तुमचा वीकेंड म्हणजे दीड दिवसाचा गणपती. बसवला की उचलला."

"तू झोप. आम्ही जागे आहोत म्हणून देश चालला आहे."

"हे पत्रकात लिही. आम्हाला झोपू दे."

तर असं होतं सगळं. माझं म्हणणं बरोबर आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आणि मग एका गुरुवारी मी एका मुलीला मारलं.

दुपारनंतरचा तास, गणित, क्षेत्रफळ. टाचणवहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'साहित्य : दोरी, मीटरपट्टी, चौकटीचे कागद. कृती : मुले गटात बाक मोजतील.' मी ते वर्गात उभी राहून पहिल्यांदा वाचलं. दोरी नव्हती. कागद नव्हते. ऑफिसातून एक लाकडी मीटरपट्टी मिळाली. बासष्ट मुलांना एक. मी आरडाओरडा करून गट पाडले, मग ते मोडून दुसरे पाडले, मग म्हटलं पट्टी राहू द्या, वितीनं मोजा, मग म्हटलं वितीनं नको, प्रत्येकाची वीत वेगळी असते. तोवर मागचे बाक एकमेकांवर चढले होते.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. यवतमाळकडून येऊन तिला दोन आठवडे झाले होते, वडील एका आयटी कंपनीच्या फाटकावर पहारेकरी होते. तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "बाई, आपण काय करून राहिलो?"

वर्ग तिच्या वऱ्हाडी बोलण्याला हसला. मला वाटलं मला हसला. मी म्हटलं, "हात पुढे कर." दोन वेळा मारलं, पट्टीनं, तळहातावर. वर्ग गप्प झाला. इतका छान गप्प झाला की उरलेला तास मी निवांत क्षेत्रफळाचं सूत्र सांगितलं. हे लिहायला मला आवडत नाही, पण ते तसंच झालं.

तिचा प्रश्न बरोबर होता. त्या वर्गात नेमकं काय चाललं होतं, हे मला तरी कुठे माहीत होतं?

शुक्रवारी तिची आई फाटकाशी उभी दिसली. मी मनाची तयारी केली. तक्रार होईल, व्हायलाच हवी, मुख्याध्यापकांकडे जा म्हणून मीच सांगेन. ती जवळ आली आणि म्हणाली, "मारा नं बाई. घरी बिलकुल ऐकत नाही. तुमचा धाक बसला तर शिकन तरी." तिनं तक्रार केली असती तर बरं झालं असतं. निदान कोणीतरी माझ्या पत्रकाच्या बाजूनं उभं राहिलं असतं.

वर्गात मुलगी नेहमीसारखीच यायची. रडली नाही, रुसली नाही. फक्त मी तिच्या बाकाच्या बाजूनं जायला लागले की लिहिणं थांबवायची आणि दोन्ही हात बाकाखाली घ्यायची. मी पुढे गेले की हात परत वर. शुक्रवारभर मी हे पाहिलं, शनिवारीही पाहिलं. ते हात वर राहावेत, एवढी एकच गोष्ट मला हवी होती. कशी मिळवायची ते मला येत नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटली; एरवी ती त्याच वेळेला भरायची. सह्यांचा कागद घेऊन मी शेजारच्या वर्गात गेले. पाचवी अच्या बाई मूळच्या नागपूरकडच्या. यजमान दारूगोळ्याच्या कारखान्यात, म्हणून लग्नानंतर खडकीला क्वार्टरमध्ये आलेल्या, त्याला बरीच वर्षं झाली होती. वर्ग रिकामा होता आणि बाई सगळ्यात मागच्या बाकावर, मुलांच्या त्या ठेंगण्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. समोर फळा भरलेला. वर तारीख सोमवारची.

"बाई, सही हवी होती."

"बस आधी. तिथं नाही, इथं, माझ्या बाजूला. सांग, काय दिसते?"

फळ्यावर मुलांनी वर्गात शिरताक्षणी काय करायचं ते दोन ओळींत लिहिलं होतं. मग एक आकृती, मग चार उदाहरणं.

"चौथ्यातला आकडा लागत नाही," मी म्हटलं.

"तेच. म्हणजे सोमवारी इथला पोरगा शेजारच्याला विचारणार, शेजारचा मागे वळणार, आणि मी ओरडणार की पोरं वाह्यात झाली." त्या उठल्या, आकडा पुसून मोठा काढला. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात ठळक लिहिलं, 'पुसू नये.' म्हणाल्या, "पुण्यात राहून एवढं मात्र शिकले."

मग त्यांनी माझा कागद हातात घेतला आणि नीट वाचला. आमच्या शिक्षकखोलीत कागद कोणी वाचत नसे, सगळे नुसती सही कुठे करायची ते विचारत.

"काहून सही करू मी? हे दोन तास माझे आहेत."

"तुमचे नाहीत बाई, तेच तर मी म्हणतेय. हे फुकटचं काम आहे. ह्याची कुठे नोंद आहे? ह्याची कोणी दखल घेतं?"

"मी काय हे मुख्याध्यापकांसाठी करून राहिले? माझ्या गुरुवारसाठी करते मी."

आमच्या दोन वर्गांमध्ये भिंत नव्हती, लाकडी फळ्यांचं पार्टिशन होतं. त्यांनी सगळं ऐकलं असणार.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "सोमवारी कोणी मारत नाही बघ. सोमवारी अंगात दम असतो. मारणं गुरुवारी निघते. मीपण मारलं आहे, चांगली चार वर्षं. तुझं ते छडीचं पत्रक आलं, तेव्हा म्हटलं, ही पोरगी अजून गुरुवारपर्यंत पोचली नाही."

मला राग आला. एका खोलीत बासष्ट मुलं कोंबायची, साहित्याच्या नावानं एक पट्टी द्यायची, रविवारी मतदारयाद्या घेऊन फिरवायचं, आणि दोष शिक्षकाचा? मी हे सगळं पत्रकातल्यासारखं, न थांबता बोलले. बाई खडूचे तुकडे डबीत भरत होत्या.

"दोष कोण देते तुला? घाल नं सरकारला शिव्या, मीपण घालते. पण सरकार काही सोमवारी साडेअकराला येणार नाही. पोरं येतात."

त्यांनी सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बस पकडून खडकीला त्यांच्या क्वार्टरवर गेले. कबूल करते, मदत मागायला गेले होते. सोमवारचा तास कसा घ्यायचा, त्या मुलीशी काय बोलायचं. बाई नुकत्याच विहारातून परतल्या होत्या, पांढऱ्या साडीतच मटणाला फोडणी देत होत्या. मी 'शाळेत' एवढं म्हणताच त्यांनी पळी वर धरली.

"आज नाही. रविवारी या घरात शाळेचं नाव निघत नाही. जेवायचं असेल तर थांब."

"पण बाई, उद्याच—"

"काल दोन तास तुझ्यासमोर बसले होते. तेव्हा तू भाषण देऊन राहिली होतीस."

त्यांचे यजमान पेपरामागून म्हणाले, "जेवून घ्या मॅडम. वीस वर्षं झाली, माझंही ऐकत नाहीत." मी जेवले. सणसणीत तिखट होतं. नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं आणि बाई मजेत त्यांच्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाचं सांगत होत्या. 'रविवार आमचा' हे पत्रक मी लिहिलं होतं, पण रविवार असा पाळलेला मी पहिल्यांदाच पाहिला. माझे रविवार तर सगळे टाचणाच्या धास्तीत जायचे, सकाळपासून.

त्या संध्याकाळी मी माफी लिहिली. ही माझी घोडचूक. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाकडूनच अशी चूक होऊ शकते. पाच मुद्दे काढले. शारीरिक शिक्षा ही हिंसा आहे, विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, वगैरे. सोमवारी परिपाठानंतर वर्गासमोर उभी राहून वाचून दाखवली. आवाज चांगला लागला होता. संपल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या, पंधरा ऑगस्टच्या भाषणाला वाजवतात तशा. शेजारणीनं कोपरानं ढोसल्यावर ती मुलगी उभी राहिली, "थँक्यू बाई" म्हणाली आणि बसली. हात बाकाखाली.

पार्टिशनपलीकडून बाईंनी हेही ऐकलं होतं. मधल्या सुट्टीत त्यांनी एवढंच विचारलं, "माफी होती की सभा?"

मग मी शनिवारी थांबायला लागले. पहिल्या शनिवारी तर कहरच केला. सहा दिवसांचं सगळं एकदम, अकरा तक्ते, दुपारी साडेतीनपर्यंत. घरी गेले आणि भावासारखी लोळले, पण झोप लागली नाही. बुधवारी शाळेला अचानक सुट्टी मिळाली आणि निम्मे तक्ते वाया गेले. बाई म्हणाल्या, एवढं नको करू. सोमवारचा फळा लिही आणि आठवड्यातला जो तास तुला नकोसा वाटतो, त्या एकाचंच साहित्य पिशवीत भर. बाकीचं निघते आपसूक. वह्याही सगळ्या नाहीत, एक रांग. रांगेत दहाबारा वह्या येतात, त्या वाचून होतात. बासष्ट वह्यांवर नुसत्या खुणा होतात.

माझा नकोसा तास गुरुवारचाच होता. शनिवारी मी सुतळीचे पंधरा तुकडे कापले, प्रत्येक बरोबर एक मीटर, टोकांना गाठी. गट कागदावर आधीच पाडले. काय करायचं ते फळ्यावर लिहून ठेवायचं ठरवलं, म्हणजे मला ओरडून सांगावं लागणार नाही. मग मागच्या बाकावर जाऊन बसले. तिथून पहिल्यांदा दिसलं की खिडकीच्या उजेडानं फळ्याचा डावा भाग चकाकतो आणि काहीच वाचता येत नाही. दीड वर्षं मी त्याच भागात गृहपाठ लिहीत होते आणि गृहपाठ करत नाहीत म्हणून त्याच बाकांना बोलत होते.

टाचणही मी स्वतःचं लिहायला लागले. प्रत्येक तासाला दोन ओळी, खरंच करणार तेवढंच. मुख्याध्यापकांनी वही उघडली आणि नोकरीत पहिल्यांदाच मला बोलावून घेतलं. "टाचण फार आखूड आहे." मी म्हटलं, "सर, आपण वाचलंत, बरं वाटलं." त्यांना ते फारसं रुचलं नाही.

याने सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. बासष्ट मुलं बासष्टच राहिली. काही गुरुवारी मी ओरडले, एकदा तर खडू फेकला, भिंतीवर. पण तास कुठे चालला आहे ते मला माहीत असायचं, आणि ते माहीत असलं की कोणी मध्येच प्रश्न विचारला तरी हात पट्टीकडे जात नाही. एवढाच काय तो फरक. रविवारी मी कसबा पेठेत मैत्रिणीकडे जायला लागले, संध्याकाळ आली तरी घड्याळाकडे बघायचे नाही.

याच सुमारास मुख्याध्यापकांनी नियम काढला की दर शनिवारी शाळा सुटल्यावर बैठक. मी पुन्हा शनिवार पेठेत गेले. नवं पत्रक लिहिलं. शनिवारी शाळा सुटल्यावरचे दोन तास शिक्षकाचे, त्यात बैठक नको, प्रशिक्षण नको, याद्या नकोत. त्याला वर्ग लागतो, फळा लागतो आणि शांतता लागते. मालकांनी चष्मा खाली ओढून वाचलं. "एकच उद्गारचिन्ह? प्रकृती ठीक आहे ना?" या कागदावर पहिली सही पाचवी अच्या बाईंची होती, पूर्ण वाचून केलेली. बैठक बुधवारवर गेली. मुख्याध्यापक महिनाभर माझ्याशी फक्त नोटीसवहीतून बोलत होते. रविवारच्या मतदारयाद्या मात्र चालूच राहिल्या, आणि त्यांच्याविरुद्ध मी अजूनही लिहिते.

त्या मुलीशी मी पुन्हा त्या विषयावर बोलले नाही. बोलावंसं फार वाटायचं. पण मी बोलायला लागले की मुद्दे पडायला लागतात हे मला कळलं होतं. सुतळीच्या तासाला तिचा गट दार मोजत होता. मी जवळ गेले तशी तिनं सुतळी सोडून दिली आणि हात मागे घेतले. मी खिडकीकडे निघून गेले. नंतरच्या आठवड्यांत कधी हात वर असायचे, कधी नसायचे. मी मोजणं सोडून दिलं, म्हणजे सोडायचा प्रयत्न केला.

डिसेंबरातली गोष्ट. सोमवारचा पहिला तास. शनिवारी लिहिलेला फळा समोर होता आणि मी एका सोडवलेल्या उदाहरणावरून शिकवत होते. लांबी सात, रुंदी सहा, क्षेत्रफळ अठ्ठेचाळीस. मुलं उतरवून घेत होती. मी तिसऱ्या बाकाशी पोचले होते.

"बाई, तुमी चुकल्या."

तीच उभी होती. वर्गातला आवाज बंद झाला. या वेळी कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि का बघत होते ते मला चांगलं ठाऊक होतं.

"कुठे?" मी विचारलं.

"साता सक बेचाळीस." मग जरा थांबून, "शनवारी घाई झाली असन तुमाले."

मी खडू पुढे केला. तिनं तो माझ्या हातातून घेतला, माझ्या अगदी जवळून फळ्यापाशी गेली, माझा अठ्ठेचाळीसचा आकडा तळव्यानं पुसून टाकला आणि टाचा उंचावून बेचाळीस लिहिलं. परत येताना हात फ्रॉकला पुसत होती. बाकावर बसली, वही ओढून घेतली आणि शेजारणीला म्हणाली, "तू पण खोड नं आता."